पडद्यावरचं कानाला कसं सांगावं?

आजचा प्रश्न लहान आहे, पण वाटतो तितका सोपा नाही. माहितीपट बघायला या, हे रेडिओवरून कसं सांगायचं?

आधी थोडा इतिहास. विविध भारतीवर जाहिराती १९६७ साली सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. नागपूर आमच्या वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर, त्यामुळे ही नवी भाषा आमच्या कानांवर सुरुवातीपासूनच पडली. अमीन सयानींसारखे निवेदक नव्या चित्रपटातलं थोडं गाणं, दोन संवाद ऐकवत आणि गोष्ट ऐन वळणावर सोडून देत. पुढचं काय ते पडद्यावर!

माहितीपटाला ही विद्या फारशी शिकावी लागली नाही. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं. पुढे मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. प्रेक्षक आयताच मिळे. तेवढ्या वेळात आम्ही बाहेर शेंगदाणे घ्यायचो, हेही कबूल केलं पाहिजे. पण विठ्ठलभाई झवेरींचा १९६८ चा ‘महात्मा’ साडेपाच तासांचा. अशा चित्रपटाला माणूस मुद्दाम घरून बोलवावा लागतो.

निवृत्तीनंतर सेवाग्रामवरच्या एका छोट्या माहितीपटासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांसोबत अर्ध्या मिनिटाची झलक केली. एका नटाकडून गांधीजींच्या आवाजात दोन वाक्यं म्हणवून घेतली. फार परिणामकारक झाली. लहानपणी आश्रमातल्या प्रार्थनेला बसलेल्या एका आजींना ती ऐकवली. त्या म्हणाल्या, “हा बापूंचा आवाज नाही हो बाप्पा. ते हळू बोलत.”

आम्ही वरमलो. गांधीजी सेवाग्रामला १९३६ मध्ये आले, १९४६ मध्ये इथून गेले ते परतलेच नाहीत. आकाशवाणीच्या स्टुडिओत ते एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिल्लीत. म्हणजे सेवाग्रामहून त्यांचा आवाज रेडिओवर कधी गेलाच नव्हता, आणि आम्ही तो बनवून पाठवणार होतो!

कथाचित्राच्या झलकेला अतिशयोक्ती माफ असते. ती स्वप्नाचं आमंत्रण देते. माहितीपट म्हणतो, हे असं होतं. मग त्याचं आमंत्रणच खोटं कसं चालेल?

शेवटी नटाचा आवाज काढला. चरख्याची घरघर ठेवली. मध्येच ती थांबते, दोन क्षण शांतता, मग पुन्हा सुरू. त्यानंतर फक्त नाव, ठिकाण आणि वेळ. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड वाटतो, असं एकानं बजावलंही. आम्ही ती राहू दिली. आजी मात्र ती ऐकून एवढंच म्हणाल्या, “सूत तुटलं वाटतं.”