चुलीपुढचा उजेड

आमचं जुनं घर कऱ्हाड तालुक्यात. सोपा, माजघर, सैपाकघर अशा तीन खोल्या एकामागं एक. दिवसाचा उजेड सोप्यात भरपूर, माजघरात निम्मा आणि सैपाकघरात जेमतेम. दगडमातीच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या, त्यामुळं घर उन्हाळ्यात गार राहायचं आणि चोरालाही सहज आत शिरता येत नसे. सैपाकघरात कौलांच्या मधे एक काच बसवलेली होती. दुपारी तिच्यातून उन्हाचा कवडसा चुलीजवळ उतरायचा. तांदूळ निवडायचे असले की आई सूप घेऊन त्या कवडशात बसायची. कवडसा सरकला की तीही सरकायची.

दिवेलागणीनंतर मात्र खोल्यांची वाटणी वेगळी व्हायची. देवळीत तेलाचा दिवा, सोप्यात कंदील आणि सैपाकघरात चिमणी. चिमणी म्हणजे पत्र्याची डबी, वर झाकणात वातीची नळी. काच नाही, काही नाही. वारा आला की ज्योत आडवी व्हायची आणि काळा धूर निघायचा.

कंदील आमच्या भागातलाच. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना काढला. पुढं तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. त्याआधी चांगले कंदील परदेशातून यायचे. काचेमुळं ज्योत स्थिर राहायची, वारा लागत नसे आणि धूरही कमी व्हायचा. रोज संध्याकाळी ती काच राखेनं पुसायचं काम आम्हा पोरांकडं, कारण लहान हात आत जायचा. पण घरात कंदील एकच. तो बाप्यांच्या बैठकीला, हिशेबाला, पाहुण्यांना. शेण काढायला गोठ्यात जायचं असलं, तरच तो आईच्या हातात यायचा.

त्या उजेडात घर कसं दिसायचं, हे आता सांगितलं तरी पोरांना पटत नाही. ज्योतीच्या उजेडात तांबूस-पिवळा रंग जास्त आणि निळा फारच कमी. त्यामुळं पितळेची घागर सोन्यासारखी दिसायची, पण निळं लुगडं आणि काळं लुगडं रात्री ओळखू येत नसे. शेणानं सारवलेली जमीन उजेड पिऊन टाकायची. भिंती चुलीच्या आणि चिमणीच्या धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या, त्या तर उजेड परत द्यायच्याच नाहीत. ज्योतीभोवती दोन हातांचं रिंगण दिसायचं, त्यापलीकडं अंधार. आजी म्हणायची, धुरानं वाशाला कीड लागत नाही. ते खरं होतं, पण त्याच धुरानं आईचे डोळे कायम लाल असायचे.

१९६० साली राज्याचं वीज मंडळ झालं. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. धरण आमच्या जिल्ह्यात, पण पहिली वीज निघाली ती मुख्यतः मुंबईच्या गरजेसाठी. आमच्या गावात खांब उभे राहिले ते पुढं आठदहा वर्षांनी. मी तेव्हा चौथीत होतो.

घरात एकच बल्ब घ्यायचा ठरलं. पॉइंट वाढला की वायर वाढली, बटण वाढलं, मजुरी वाढली. बल्ब कुठं लावायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. आबा म्हणाले, "मानसं सोप्यात बसत्यात, तिथंच पायजे." तुळईला वायर ठोकली, बल्ब लागला. शेजारपाजारची माणसं बघायला आली. आईनं उंबऱ्यातनं बघितलं, हात जोडले आणि चिमणी घेऊन आत भाकरी करायला गेली.

दोन वर्षं असंच चाललं. सोप्यात आम्ही लख्ख उजेडात पाढे म्हणायचो आणि दोन खोल्या आत आई अंधारात भाकरी थापायची. कुणी काही म्हटलंच तर म्हणायची, "हात शिकलाय माझा. डोळं कशाला लागत्यात?"

मग एका रात्री चिमणी कलंडली. तेल सांडून पेटलं आणि आईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. लुगड्यानं पेट घेतला नाही, एवढंच नशीब. महिनाभर भाकरी आजीनं केली. तिला तर चिमणीच्या उजेडात तवाही नीट दिसत नव्हता. करपलेल्या भाकरी सोप्यातल्या झगझगीत उजेडात ताटात आल्या, तेव्हा आबांना पहिल्यांदा आतला अंधार दिसला असावा.

हात बरा झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "दुसरा बलब नगं. हायी त्याचाच उजेड आत येऊ द्या."

तेव्हा गावात बऱ्याच घरांनी एक युक्ती केली होती. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला वरच्या बाजूला भोक पाडायचं आणि त्यात बल्ब बसवायचा. एका बल्बात दोन खोल्या उजळतात. आमचा सोपा आणि सैपाकघर लागून नव्हते, म्हणून बल्ब माजघर आणि सैपाकघराच्या भिंतीत आणला. आबांची बैठक माजघरात सरकली. सोप्यात पुन्हा कंदील आला.

पहिल्या रात्री आई चुलीपुढं बसली आणि बराच वेळ भिंतीकडंच बघत राहिली. इतक्या वर्षांची काजळी, कोपऱ्यातली जळमटं, मडक्यांच्या उतरंडीमागचा ओघळ, सगळं एकदम दिसलं. आजी पुटपुटली, "घराची लाज गेली." दुसऱ्या दिवशी आईनं भिंती खरवडल्या आणि पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला. रात्री बल्ब तोच, पण खोली दुप्पट उजळल्यासारखी वाटली. उजेड नुसता दिव्यातनं येत नाही, भिंतीनंही तो परत द्यावा लागतो, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

पुढं ट्यूब आली. तिच्या पांढऱ्या उजेडात निळं निळं दिसायला लागलं, पण पितळेची झळाळी गेली आणि माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे वाटायचे. शेणाच्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, भिंतींना ऑइलपेंट लागला, तेव्हा उजेड चकाकून डोळ्यांवर यायला लागला. साध्या बल्बमधे बहुतेक वीज उष्णतेतच जायची. २०१५ नंतर सरकारी योजनेतनं स्वस्त एलईडी गावोगाव पोचले. साठच्या बल्बाचं काम आता नऊ वॅटमधे होतं.

आता आमच्या नव्या घरात सैपाकघराला दोन दिवे आहेत, ओट्यावर तिसरा. एक बल्ब कुठं लावायचा यावर कुणाला विचारही करावा लागत नाही. जुनं घर पाडताना ते भोक असलेली भिंत शेवटी पाडली. आई उभी राहून बघत होती. उजव्या हातावरचा डाग तिनं पदरानं झाकला होता. गवंड्यानं विचारलं, "ह्ये भोक कशाचं वो, मावशी?"

आई म्हणाली, "माझ्या वाटणीच्या उजेडाचं."