साचेखात्याचं दार

धोट्यातली कांडी संपली की साचेवाला नवी कांडी घालायचा. तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला बोटं पोचायची नाहीत. मग धोटा ओठांना लावून श्वास आत ओढायचा, सूत तोंडात यायचं. पाळीभर हेच चालायचं. पाळी बदलली की तेच धोटे दुसऱ्या माणसाच्या ओठांना लागायचे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना कापड विणणाऱ्या साचेखात्यात घेत नसत, त्यामागचं सांगितलं जाणारं कारण हे. त्यांनी सूत काढणाऱ्या त्रासनखात्यात राबायचं. पगार मात्र साचेखात्यात जास्त होता.

हे मला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या नानांनी सांगितलं. त्यांचे वडील 1928च्या संपाच्या वेळी त्रासनखात्यात होते. नाना सांगायचे, "आमच्या बापाला त्या खात्याचं दार ठाऊक होतं. आत साचे कसे दिसतात ते नाही." माझे आजोबा आयुष्यभर साचेवाले. गिरणीच्या किती गोष्टी त्यांनी सांगितल्या! भोंगा, हजेरी, मुकादमाची मिजास, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाठलेली पहिली पाळी. ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. नानांकडून ऐकल्यावर मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "तवा तसंच होतं बाबा." दोघेही लाल बावट्याखाली चाललेली माणसं. एकाच गिरणगावाचा इतिहास एकाला सांगावासा वाटला आणि दुसऱ्याला तो सांगण्यासारखा वाटलाच नाही, याचा मला अजून त्रास होतो.

1928चा संप सहा महिने चालला. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही नावं आजोबांना तोंडपाठ होती. नाना त्यात आणखी एक नाव घालायचे. साचेखात्याचं दार आमच्या माणसांना उघडा, हा प्रश्न संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह बाबासाहेब आंबेडकरांनी धरला होता. पुढच्याच वर्षीच्या संपाला त्यांनी विरोध केला. आजोबांच्या पिढीला ती फूट वाटली. मला वाटतं, ज्याला दारातच अडवलं होतं, त्याला आतल्यांची एकी आपली कशी वाटावी?

फेब्रुवारी 1938मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, अशी मांडणी आंबेडकरांनी तिथे केली. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीची माणसं नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केलं. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक विवादाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका बाजूला उभे होते. नानांचे वडील त्या दिवशी मोर्चात गेले होते. माझे पणजोबा तेव्हा रत्नागिरीत शेत करत होते, म्हणून आमच्या घरात त्या दिवसाची आठवण नाही.

भांडवल आलं की जात विरघळेल, रेल्वे आणि यंत्रं जातीचा पाया उखडतील, अशी आशा मार्क्सने 1853 साली लिहून ठेवली होती. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव केली. पण यंत्र चालवायला माणसं आणली ती जॉबरने, म्हणजे मुकादमाने, आणि त्याने आणली आपल्या गावची, नात्यातली, जातीतली. आजोबा 1949 साली आले तेही असेच, चुलत्याच्या शब्दावर. गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं; एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उघडायची. गाव, नातं, जात यांच्या आधारावर गिरणीला स्वस्त मजूर मिळत राहिला. बेकारीत, आजारपणात त्याला पोसायची जबाबदारी मालकाची नव्हतीच, ती कोकणातल्या शेतावर आणि तिथे राहिलेल्या बायकांवर होती. भांडवलशाही जुनं सगळं मोडून टाकते असं पुस्तकात वाचलं, तेव्हा मला ती खोली आठवली. ती मोडत नाही. कामाला लावते.

बायकांचं आजीने सांगितलं. 1920च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. रात्रपाळीला त्यांना बंदी आली, 1929मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, नवी यंत्रं आली, आणि हळूहळू मालकांनी बायका घेणंच कमी केलं. आजीची चुलत सासू कांडीखात्यात होती. आजीला गिरणीत काम मिळालंच नाही. तिने खाणावळ चालवली. दहा बाय बाराच्या खोलीत गावचे पंधरा-वीस खाणेकरी जेवायचे, पैसे पगाराला. संप झाला की पगार नाही, पण पोटं तर तीच. "संप त्यांचा, उधारी माझी," असं ती म्हणायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तोवर या बायका सावकाराच्या हातात होत्या. कामगार चळवळीच्या इतिहासात त्यांना आजही एखाददुसरंच पान मिळतं.

पुढे मी अडोर्नो आणि हॉर्कहायमर हे फ्रँकफर्टचे विचारवंत वाचले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या या दोघांनी अमेरिकेत बसून, 1940च्या दशकात, संस्कृतीच्या कारखान्याबद्दल लिहिलं: करमणूकही ठोक मालासारखी तयार होते आणि थकलेल्या माणसाला पुढच्या दिवसाच्या कामाला तयार करते. ते मला पटलं, पण पुरतं नाही. त्याच काळात, 1944 साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं होतं. चाळींच्या अंगणात भजनाची डबलबारी, शक्ती-तुरा, दामोदर हॉलमध्ये कामगारांनीच बसवलेली नाटकं. आजोबा स्त्रीपार्ट करायचे! ही करमणूक कोणी त्यांना विकली नव्हती. दिवसभर यंत्राच्या तालावर हललेला देह रात्री स्वतःच्या तालावर नाचायचा, आणि एवढ्यापुरता तो कोणाचाच नोकर नसायचा.

18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. 1946च्या कायद्याने मुंबईच्या कापडधंद्यात एकाच संघटनेला प्रतिनिधीचा हक्क दिला होता. ती आपली नाही, ही कामगारांची एक मोठी तक्रार. मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतलं. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. मी शाळेत होतो. आजीने ताटं मोडीत घातली तेव्हा आजोबा जिन्यात जाऊन बसले होते.

मग जमीन उरली. 1991च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला असं ठरलं. 2001मध्ये दुरुस्ती आली: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची मालकाची. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ती मान्य केली. लोअर परळला बिल्डर अप्पर वरळी म्हणू लागले. फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलमध्ये राखली आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. अडोर्नो इथे मला पूर्ण पटतो. तोवर 'गिरणी कामगार' ही ओळखही फुटली होती: कोणी मराठी म्हणून, कोणी हिंदू म्हणून, कोणी आपापल्या जातीचा म्हणून मोजला जाऊ लागला. या ओळखी आधीही होत्याच. त्यांना एकत्र धरणारं काम तेवढं गेलं.

जात आणि काम एकत्र पाहणारं कोणी नव्हतं असं नाही. धुळ्याच्या शरद पाटलांनी 1978मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स-फुले-आंबेडकरवाद मांडला. जात आणि वर्ग यांचा लढा एकत्रच लढायला हवा हे त्यांचं म्हणणं. फ्रँकफर्ट आणि पॅरिसच्या विचारवंतांवर परिसंवाद घेणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी त्यांना मन लावून वाचलं असं मला वाटत नाही, आणि हे आपलं मोठं नुकसान आहे.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची म्हणून म्हाडाने अर्ज मागवले, लाखाहून अधिक आले. पहिली सोडत 2012मध्ये निघाली. पुढे शेलू आणि वांगणीची नावं घेतली गेली, परळपासून गाडीने दीड-दोन तासांवर. 1 जानेवारी 1982ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, पात्र. आजोबांचं नाव पटावर होतं. नाना 1981लाच निवृत्त झाले होते, ते बसत नाहीत. त्या अर्जात खाणावळीचा रकाना नाही.