जळीत मृत्यू, ग्रामीण भारतातील

ज्वाला, तप्त द्रव वा वाफ यांमुळे शरीर भाजून येणाऱ्या मृत्यूस जळीत मृत्यू म्हणतात. ग्रामीण भारतातील अशा मृत्यूंचा इतिहास हा एकीकडे इंधनाचा व घरबांधणीचा, तर दुसरीकडे मृत्यूच्या नोंदीचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेलची आयात वाढली व कालांतराने खेड्यांतही तेलाच्या पणतीची जागा पत्र्याच्या चिमणीने घेतली. विसाव्या शतकात काही घरांत चुलीच्या जोडीस हवा भरण्याचा स्टोव्ह आला. कुडाच्या भिंती, गवती छप्पर, जमिनीलगतचा विस्तव, सैल पदर आणि पुढे वितळून अंगास चिकटणारे कृत्रिम धाग्यांचे कापड यांमुळे हा धोका मुख्यतः स्त्रिया व मुले यांच्या वाट्यास आला. शरीराचा मोठा भाग भाजल्यास अंगातील द्रव झपाट्याने घटतो व नंतर जंतुसंसर्ग होतो. जळीत रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष मोठ्या शहरांत असल्याने खेड्यातील रुग्णाचा निर्णायक काळ बहुधा प्रवासातच जाई.

सर्वच मृत्यू मात्र अपघाती नव्हते. आत्महत्या व खून यांसाठीही रॉकेल हेच साधन होते आणि घटना घराच्या चार भिंतींआड घडत असल्याने तटस्थ साक्षीदार क्वचितच मिळे. ‘स्टोव्हचा भडका’ हे कारण पंचनाम्यात आले, की पुढील शोध अवघड होई. त्यामुळे मृत्युपूर्व जबानीस विशेष महत्त्व आले. विश्वसनीय जबानीस अन्य पुराव्याची जोड अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात (१९५७) म्हटले. तथापि भोवती सासरची माणसे आणि मागे लहान मुले असताना स्त्रीने निर्भयपणे बोलावे, ही अपेक्षा न्यायालयाबाहेर पूर्ण होणे कठीणच होते.

हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ मध्ये झाला. स्त्री संघटनांच्या आंदोलनांनंतर १९८३ मध्ये विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवपरीक्षा आवश्यक करण्यात आली. १९८६ मध्ये ‘हुंडाबळी’ हा गुन्हा दंडसंहितेत आला. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत (कलमे ८०, ८५ व ८६) समाविष्ट आहेत.

कायदा बदलला, तरी नोंद अपुरीच राहिली. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहरी मृत्युनोंदणी व ग्रामीण कुटुंबांना विचारून ठरविलेली मृत्युकारणे एकत्र करण्यात आली. त्यानुसार २००१ मध्ये भारतात आगीमुळे सु. १,६३,००० मृत्यू झाले. त्यांपैकी सु. १,०६,००० स्त्रियांचे असून त्या बहुतांशी १५ ते ३४ वयोगटातील होत्या. पोलीस दप्तरातील संख्येच्या हे प्रमाण सु. सहापट होते. वीज व स्वयंपाकाचा वायू यांच्या प्रसाराने चिमणी व स्टोव्ह मागे पडले आहेत. परंतु प्रत्येक मृत्यूचे खरे कारण नोंदले गेल्याखेरीज अपघात व अत्याचार यांतील सीमारेषा स्पष्ट होणार नाही.