वसई किनाऱ्यावरील पर्यावरणस्नेही निवास पर्यटन : वाडी, गोडे पाणी आणि किनारा नियमन यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष आंतरराष्ट्रीय परिसर-पर्यटन वर्ष म्हणून साजरे केले. पुढे 'पर्यावरणस्नेही' हे विशेषण पर्यटन व्यवसायात सर्वत्र रूढ झाले. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा किनाराही त्यास अपवाद नाही. मुंबईच्या उपनगरी लोकलने गाठता येणाऱ्या अर्नाळा, नवापूर, राजोडी व कळंब या गावांत सुट्टीच्या दिवशी मोठी गर्दी होते. नारळीच्या छायेतील खोल्या, पोहण्याचा तलाव व घरगुती चवीचे जेवण हे येथील रिसॉर्टचे सर्वसाधारण रूप होय. मात्र एखादे निवासस्थान पर्यावरणस्नेही ठरते ते कशाच्या आधारे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वसईच्या पाण्याच्या इतिहासाच्या अंगाने केला आहे.

वाडी संस्कृती व गोडे पाणी

इ.स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांच्या ताब्यात आली. सत्ता बदलल्या, तरी किनाऱ्यालगतची बागायत हाच या भूमीचा आर्थिक कणा राहिला. केळी, पानवेल, नारळ, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या आणि केळी वाळवून केलेली सुकेळी ही वसईची ओळख होय.

या बागायतीचा आधार म्हणजे विहीर, तिच्यावरील रहाट आणि बावखल. बावखल म्हणजे वाडीलगत खोदलेले उथळ तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि शेजारच्या विहिरींना गोडे पाणी पुरविते. या व्यवस्थेमागे भूजलशास्त्राचे तत्त्व आहे. किनाऱ्यावरील जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गायबेन-हर्झबर्ग सिद्धान्तानुसार गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने घटली, तर खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटरने वर सरकू शकते. त्यामुळे किनाऱ्यावरील प्रत्येक जादा उपसा हा शेजाऱ्याच्या विहिरीशी निगडित प्रश्न ठरतो.

रेल्वे, नागरीकरण व पाण्याचा संघर्ष

१८६७ मध्ये विरार ते मुंबई अशी उपनगरी गाडी सुरू झाली व १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेवरील गाड्या धावू लागल्या. प्रारंभी वाडीचा माल मुंबईस पोहोचविणारी ही वाट पुढे मुंबईकरांना किनाऱ्यावर आणणारी वाट ठरली. १९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. वाढत्या इमारतींसाठी वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने नेले जाऊ लागले. याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जनआंदोलन उभारले. हे आंदोलन वृक्षप्रेमाच्या मर्यादेत राहिले नाही. पाणी कोणाचे, हा त्याचा मूलभूत प्रश्न होता. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हाही हिरव्या पट्ट्यातील गावांनी महापालिकेत जाण्यास विरोध केला.

किनारा नियमन व रिसॉर्ट

समुद्रकिनाऱ्याचे रक्षण व्हावे, यासाठी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. त्या विचारास १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने कायद्याचे रूप दिले. त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला.

१९९१ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरील हॉटेल व रिसॉर्टसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे होती. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई होती. पुढील ३०० मीटरच्या पट्ट्यात केंद्राच्या पूर्वपरवानगीने रिसॉर्ट उभारता येई. मात्र इमारतीची उंची ९ मीटरपेक्षा अधिक नसावी, ती दोन मजल्यांपुरती असावी व एकूण बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, अशा अटी होत्या. २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास बंदी होती. वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, प्रक्रिया न केलेले सांडपाणी किनाऱ्यावर सोडू नये आणि दोन रिसॉर्टमध्ये लोकांना समुद्राकडे जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवावी, असेही त्यात नमूद होते.

या अटी बारकाईने पाहिल्यास त्यांचा रोख बांबूच्या झोपडीकडे किंवा हिरव्या रंगाकडे नसून पाणी, वाळू व वाट या तीन गोष्टींकडे असल्याचे दिसून येते. मासे सुकविणाऱ्या कोळी व मांगेला स्त्रियांसाठी तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंइतकीच महत्त्वाची आहे.

२०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र २०० वरून ५० मीटरवर आणले आणि भरतीरेषेपासून १० मीटर अंतर राखून तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाव दिला. दुसरीकडे मच्छीमारांसह स्थानिकांना आपल्या अस्तित्वात असलेल्या घरांत पर्यटकांची निवासव्यवस्था करण्याची मुभाही दिली. म्हणजेच एकाच दस्तऐवजाने मोठ्या भांडवलास समुद्राजवळ आणले आणि वाडीतील घरालाही दार उघडून दिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, वसईत पर्यावरणस्नेही निवासाचा पाया बावखल, विहीर व वाडी यांच्या परंपरेत आहे. ती संकल्पना सर्वस्वी परकीय नाही. दुसरा, गोड्या पाण्याने भरलेले पोहण्याचे तलाव व कूपनलिका यांवर चालणारे रिसॉर्ट झावळ्यांनी शाकारलेले असले, तरी त्यास पर्यावरणस्नेही म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. तिसरा, नव्या इमारतीऐवजी जुन्या घरात पाहुणा ठेवणारी व्यवस्था या भूमीस अधिक मानवणारी आहे; कारण ज्या घराची रोजची घागर त्याच विहिरीतून भरते, ते घर विहीर आटू देणार नाही. बावखले बुजविली गेली, तर पर्यटकास दाखविण्यासाठी वाडीही उरणार नाही. म्हणून रिसॉर्टला परवाना देताना खोल्यांच्या संख्येबरोबर विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजली जाणे अगत्याचे आहे.