गाओचा निकाल धर्माने लावला नाही

मालीतल्या गाओ शहरात २७ जून २०१२ रोजी जी लढाई झाली, तिच्याबद्दल आपल्याकडे एक मत घट्ट रुजले आहे. सहारातल्या तुआरेग जमातीच्या बंडखोरांना स्वतंत्र राष्ट्र हवे होते, जिहादींना शरियतचे राज्य हवे होते, दोघेही मुसलमान. मग ज्याचा धर्म अधिक कडवा तो जिंकला, आणि वाळवंटातल्या त्या शहराने त्याच्यापुढे मान तुकवली. शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीसारख्या गावातही चार वाचणारी माणसे हेच सांगतात, आणि सांगताना त्यांना शंका म्हणून येत नाही. मला हे मत चूक वाटते. निरुपद्रवी म्हणून सोडून देण्यासारखी ही चूक नाही, कारण हाच चष्मा लावून आपण सातपुड्याचा इतिहासही वाचतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्याच्याजवळ पुरावा आहे. १७ जानेवारी २०१२ रोजी तुआरेगांच्या ‘एमएनएलए’ या संघटनेने मेनाकावर हल्ला करून बंड सुरू केले. मार्चमध्ये राजधानी बामाकोत लष्कराने सत्ता उलथवली आणि त्या गोंधळात किदाल, गाओ, तिंबक्तू ही तिन्ही शहरे तीन दिवसांत पडली. ६ एप्रिलला ‘आझवाद’ हे स्वतंत्र राष्ट्र घोषित झाले. बंडखोरांबरोबर इयाद अग घाली याची ‘अन्सार दीन’ आणि अल-कायदापासून फुटून निघालेली ‘मुजाओ’ या संघटनाही शहरांत शिरल्या होत्या. २६ मे रोजी गाओतच एमएनएलए आणि अन्सार दीन यांनी एकत्र येऊन इस्लामी राज्य उभारण्याचा करार केला. शरियत कुठवर चालवायची यावरून तो काही दिवसांतच मोडला. महिनाभरात मुजाओने एमएनएलएला गाओतून हाकलले, पाठोपाठ तिंबक्तूही बंडखोरांच्या हातून गेले, आणि ३० जूनपासून तिथल्या अवलियांच्या कबरींवर अन्सार दीनच्या कुदळी पडू लागल्या. इतकी साखळी समोर आली की धर्म हेच कारण, असे कोणालाही वाटेल.

या साखळीत एक गोष्ट मात्र कुठेच येत नाही. गाओत राहणारी माणसे.

गाओ हे तुआरेगांचे शहर नाही. नायजर नदीच्या काठची ही सोंघाय साम्राज्याची जुनी राजधानी. १४९५ साली बांधलेली अस्कियाची मातीची समाधी आजही तिथे उभी आहे. शहरात बहुसंख्या सोंघाय लोकांची, त्यांच्या जोडीला अरब व्यापारी, फुलानी, आणि तुआरेग थोडे. तुआरेगांच्या १९९०च्या बंडानंतर सोंघाय आणि तुआरेग यांच्यात रक्त सांडले होते, ‘गंदा कोय’ नावाची सोंघायांची हत्यारबंद टोळी त्याच काळात उभी राहिली. अशा शहरावर एके दिवशी आझवादचा झेंडा फडकला. तुम्ही आता नव्या राष्ट्राचे नागरिक आहात, असे लोकांना सांगण्यात आले. त्यांना विचारले कोणी नव्हते.

त्यानंतरचे आठवडे मला निर्णायक वाटतात. एप्रिलमध्ये रुग्णालय लुटले गेले. सरकारी कचेऱ्या, बँका, मदतसंस्थांची गोदामे रिकामी झाली. बायकामुलींवर अत्याचार झाले. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने त्याच महिन्याअखेरीस याची नोंद प्रसिद्ध केली, आणि या लुटीचा व अत्याचारांचा मोठा दोष एमएनएलएच्या माणसांकडे गेला. त्याच शहरात मुजाओने काय केले? रुग्णालयावर पहारा बसवला, लुटारूंना अडवले, वीज-पाणी चालू राहील असे पाहिले, पोरांना पगार देऊन भरती केले. त्यांच्या इस्लामी पोलिसांचा प्रमुख झालेला अलिउ महामार तुरे हा सोंघायच होता. याच माणसाला पुढे २०१७ साली बामाकोच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. मुजाओची पोहोच तिलेम्सी खोऱ्यातल्या अरबांपर्यंत होती आणि तिलेम्सीतून सहाराच्या चोरट्या व्यापाराची वाट जाते. २००९ साली गाओ प्रांतातल्या तारकिंतजवळ एका बोइंग ७२७ विमानाचा जळका सांगाडा सापडला होता. त्यातून कोकेन आणले गेले असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. मुजाओच्या फौजेला दाणापाणी कुठून मिळत होते हे समजून घ्यायला या वाटेकडे पाहावे लागते.

जूनच्या अखेरीस नगरपरिषदेचा सदस्य असलेल्या एका शिक्षकाचा खून झाला. लोकांचा संशय एमएनएलएवर होता, तिने तो नाकारला. २६ तारखेला जमाव रस्त्यावर आला आणि त्याच्यावर गोळ्या चालल्या. दुसऱ्याच दिवशी मुजाओने गव्हर्नरच्या वाड्यावर, म्हणजे बंडखोरांच्या मुख्य ठाण्यावर, हल्ला चढवला. किमान वीस माणसे पडली. एमएनएलएचा सरचिटणीस बिलाल अग अशेरीफ जखमी झाला, त्याला बुर्किना फासोला न्यावे लागले. मुजाओला अल-कायदाचा सरदार मोख्तार बेलमोख्तार याच्या कसलेल्या लढवय्यांची मदत होती हे खरे. पण शहर बंडखोरांच्या मागे असते तर एका दिवसात त्यांचे मुख्य ठाणे असे पडले नसते, असे माझे मत आहे.

आता नैयायिकांची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रज्ञांची, कसोटी लावू. हेतू आहे तिथे साध्य असलेच पाहिजे. हेतू हजर आणि साध्य गैरहजर असेल, तर तो हेतू व्यभिचारी. गाओच्या लोकांनी धर्मासाठी मुजाओला कौल दिला असेल, तर धर्माच्या नावाने काढलेल्या तिच्या हुकमांपुढेही त्यांनी मान तुकवायला हवी होती. घडले उलटेच. लढाईच्या दीड महिना आधी, १४ मे रोजी, फुटबॉल आणि टीव्हीवरच्या बंदीविरुद्ध गाओची पोरे याच मुजाओविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. लढाई जिंकून मुजाओ शहराची एकटी मालक झाल्यावर, ५ ऑगस्टला, एका आरोपीचा हात तोडण्याची शिक्षा भर चौकात व्हायची होती. शेकडो तरुणांनी चौक अडवला आणि त्या दिवशी ती शिक्षा होऊ दिली नाही. मे, जून, ऑगस्ट. माणसे तीच, नमाज तीच, मशिदी त्याच. धर्म तिन्ही वेळा हजर होता आणि परिणाम दरवेळी वेगळा आला. ज्याने खेळ बंद केला त्याच्याविरुद्ध, ज्याने घर लुटले त्याच्याविरुद्ध, जो हात तोडायला निघाला त्याच्याविरुद्ध, हे मात्र तिन्ही वेळा जुळते.

यावर कोणी म्हणेल, ‘इयाद अग घालीची धर्मनिष्ठा खोटी होती काय?’ तसे मी म्हणत नाही. १९९०च्या बंडाचा हा नायक पुढे खरोखरच पालटला, आणि एमएनएलएचे नेतृत्व आपल्याला नाकारले गेले हा सलही त्याच्या मनात होता. नेत्यांच्या डोक्यात काय होते हा एक प्रश्न, शहर कोणाच्या हातात का गेले हा दुसरा. आपले विद्वान पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवतात. लिबियातून बंडखोरांकडे आलेल्या शस्त्रांचेही तेच. त्या शस्त्रांनी बंड पेटले, पण गाओत ती मुख्यतः हरलेल्या पक्षाजवळच होती.

आता सातपुडा. शहाद्याच्या उत्तरेला दिसणाऱ्या या डोंगररांगेत १८५७-५८ साली खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी भिल्लांचे बंड उभे केले. खाज्या पूर्वी सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, इंग्रजांच्या चाकरीतला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला जी लढाई झाली, तिच्यात भिल्लांच्या खांद्याला खांदा लावून मकराणी मुसलमान शिपाईही इंग्रजांशी लढले. दोन वर्षांनी, १८६० साली, खाज्या मारला गेला तो एका मकराणी जमादाराच्या हातून. हा शेवट सांगताना ‘परक्या धर्माचा माणूस, दगा देणारच’ असे म्हणून मोकळे होणारे लोक मी ऐकले आहेत. मग आंबापाणीला जे मकराणी पडले त्यांचा धर्म कोणता होता? तोच. खाज्याच्या डोक्यावर लागलेल्या बक्षिसाने जे कळते ते धर्माने कळत नाही.

खानदेशातल्या अरबांचा हिशेबही तसाच आहे. १८१८च्या मे-जूनमध्ये मालेगावचा किल्ला जवळजवळ महिनाभर अरब शिबंदीने लढवला, आणि तो किल्ला होता नारोशंकर राजेबहाद्दरांच्या घराण्याचा. त्याच वर्षी थाळनेरला अरब लढले ते होळकरांच्या किल्ल्यासाठी, ज्याच्या किल्लेदाराला, तुळशीरामला, इंग्रज सेनापती हिस्लॉपने फासावर दिले. आदल्या डिसेंबरात नागपूरच्या अरबांनी भोसल्यांच्या राजधानीत इंग्रजांचा हल्ला परतवला, आणि पैसा व सुखरूप वाट मिळाल्यावर शहर सोडले. हिंदू धन्याच्या किल्ल्यासाठी मरणारा अरब कोणत्या धर्मयुद्धात बसवायचा? तो शिपाई होता. त्याचा करार, त्याची थकबाकी, त्याचा शब्द आणि त्याच्या पलटणीची अब्रू या गोष्टी तपासल्या की त्याचे वागणे उलगडते.

प्रचलित मताने आणखी एक अन्याय होतो, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. ‘कडव्यांपुढे मवाळ हरले’ असे म्हटले की एमएनएलए आपोआप निर्दोष ठरते. तुआरेगांची गाऱ्हाणी खरी होती. १९६३ पासून मालीच्या सरकारांनी त्यांना चिरडले, दिलेली वचने मोडली. पण ज्या शहरात आपण मूठभर आहोत तिथे लुटीने राज्य सुरू करून, वर राष्ट्राची घोषणा करणाऱ्यांना हरवायला कोणा कडव्या धर्माची गरज नव्हती. गाओने त्यांना एप्रिलमध्येच नाकारले होते, जूनमध्ये ते गोळ्यांनी कळले.

मुजाओलाही शहराने शेवटपर्यंत पत्करले नाही. २६ जानेवारी २०१३ रोजी फ्रेंच आणि माली सैनिक गाओत शिरले, तेव्हा दहा महिने दबून राहिलेले लोक गाणी लावून रस्त्यावर नाचत होते.