मानदुखी

मानदुखी म्हणजे कवटीच्या तळापासून खांद्यांपर्यंतच्या भागात होणारी वेदना होय. मान अवघडणे, लचकणे, उसण भरणे अशा शब्दांनी ती बोलीभाषेत ओळखली जाते. मानदुखी हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. बहुतेक वेळा तिच्यामागे गंभीर विकार नसतो आणि योग्य हालचाल, व्यायाम व बसण्या-झोपण्याच्या सवयींतील बदल यांनी ती आटोक्यात येते. या उपचारपद्धतीस भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी म्हणतात.

शरीररचना

मानेत ७ मणके असतात. पहिल्या मणक्यास अ‍ॅटलस व दुसऱ्यास अ‍ॅक्सिस असे नाव असून डोके डावी-उजवीकडे वळवण्याची सुमारे निम्मी हालचाल या दोहोंमधील सांध्यात होते. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये धक्के शोषणारी चकती असते. मानेतून मज्जातंतूंच्या ८ जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी खालच्या जोड्या हातांकडे जातात. म्हणून त्यांवर दाब आल्यास मुंग्या व बधिरपणा बोटांपर्यंत जाणवतो.

प्रौढ व्यक्तीच्या डोक्याचे वजन साधारणपणे ४.५ ते ५ किलोग्रॅम असते. डोके पुढे झुकले की ते तोलून धरण्यासाठी मानेमागील स्नायूंना अधिक बळ लावावे लागते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिमानाच्या आधारे, मान ६० अंशांत झुकवल्यास मणक्यांवर सुमारे २७ किलोग्रॅम इतका भार येतो, असा अंदाज मांडला.

कारणे

एकाच स्थितीत दीर्घकाळ बसणे, भ्रमणध्वनी वा लॅपटॉपवर वाकून काम करणे, अयोग्य उशी, अपुरी झोप, मानसिक ताण व अपघातातील झटका ही प्रमुख कारणे होत. शिवणकाम करणारे, दंतवैद्य, संगणकावर काम करणारे आणि डोक्यावरून ओझी वाहणारे श्रमिक यांच्यात ही तक्रार विशेष आढळते. वयोमानानुसार चकत्या व सांधे झिजतात. त्यास स्पाँडिलोसिस म्हणतात. अशी झीज वेदना नसलेल्या अनेकांच्या क्ष-किरण चित्रातही दिसते. त्यामुळे केवळ चित्रावरून वेदनेचे कारण ठरवता येत नाही.

भौतिकोपचार

उपचारतज्ज्ञ प्रथम मानेच्या हालचाली, स्नायूंची ताकद व हातांतील संवेदना तपासतो. शेक किंवा हलक्या हाताने केलेली सांध्यांची हाताळणी यांमुळे तात्पुरता आराम मिळतो. टिकाऊ सुधारणेसाठी मात्र नियमित व्यायाम आवश्यक असतो. नेहमी सुचवले जाणारे काही व्यायाम असे :

• हनुवटी मागे घेणे : नजर समोर ठेवून, डोके वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे घ्यावी व काही सेकंद स्थिर राहावे. न्यूझीलंडचे भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेन्झी (१९३१–२०१३) यांच्या पद्धतीत या हालचालीस महत्त्वाचे स्थान आहे.
• स्थिर दाब : कपाळाला तळहात लावून डोक्याने हातावर दाब द्यावा, परंतु डोके हलू देऊ नये. हाच व्यायाम मागे व दोन्ही बाजूंनी करता येतो.
• खांद्यांची पाती एकमेकींजवळ आणून सैल सोडणे.

व्यायामाने हातात कळ जाऊ लागल्यास तो थांबवून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मानेचा पट्टा (कॉलर) वैद्यकीय सल्ल्याशिवाय दीर्घकाळ वापरल्यास स्नायू दुर्बल होतात.

भारतात भौतिकोपचारासह संलग्न आरोग्य व्यवसायांचे नियमन करण्यासाठी २०२१ साली राष्ट्रीय कायदा संमत झाला.

बसण्याची व झोपण्याची पद्धत

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस व पडदा हातभर अंतरावर असावा. कोपरांना आधार असावा. भ्रमणध्वनी पाहताना मान वाकवण्याऐवजी तो वर धरावा. झोपताना उशीने मान धडाच्या रेषेत राहावी. पालथे झोपल्याने मान बराच वेळ वळलेली राहते. सर्वांना लागू पडेल अशी एकच आदर्श बैठक नाही. दर अर्ध्या तासाने स्थिती बदलणे व उठून थोडे चालणे अधिक उपयुक्त ठरते.

धोक्याची लक्षणे

पुढील प्रसंगी व्यायाम सुरू न करता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी :

• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली वेदना
• ताप व तीव्र डोकेदुखीसह ताठरलेली मान
• हातापायांतील वाढता अशक्तपणा, चालताना जाणारा तोल, सदऱ्याची बटणे लावण्यात अडचण किंवा लघवीवरील नियंत्रण सुटणे
• छातीतील दडपण व घाम यांसह मान, जबडा किंवा हातात जाणारी कळ; हे हृदयविकाराच्या झटक्याचे लक्षण असू शकते

केशकर्तनालयात मालिश करताना झटक्याने मान मोडून घेण्याची प्रथा धोकादायक आहे. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.