बायझंटिन पूर्वविस्तार (पर्यायी इतिहासातील)

बायझंटिन साम्राज्याने ससानी इराण जिंकून आपली सीमा तैग्रिसपलीकडे नेली असती तर, या कल्पनेवर उभे राहिलेले ऐतिहासिक तर्क व ललित लेखन. अशा मांडणीला दोन वर्षे विशेष सोयीची ठरतात : ६०२, म्हणजे सम्राट मॉरिशसची हत्या, आणि ६२८, म्हणजे सम्राट हेराक्लियसचा विजय.

मॉरिशसचा तह : बहराम चोबीनच्या बंडामुळे परागंदा झालेल्या ससानी राजा दुसऱ्या खुसरौला मॉरिशसने आश्रय दिला आणि ५९१ मध्ये फौज देऊन गादीवर परत बसवले. मोबदल्यात दारा व मार्टिरोपोलिस ही ठाणी, इराणी आर्मेनियाचा मोठा भाग आणि कॉकेशसमधील आयबेरियाचा पश्चिम भाग साम्राज्याला मिळाला. खरा पूर्वविस्तार तो हाच, आणि तो लढाईपेक्षा उपकाराच्या बळावर झाला. ६०२ मध्ये गादी बळकावणाऱ्या फोकसने मॉरिशसला ठार मारताच हे बळ सरले. उपकारकर्त्याचा सूड हे निमित्त करून खुसरौने युद्ध पुकारले. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले व पवित्र क्रूस इराणात गेला. पुढे इजिप्तही गेला.

हेराक्लियसची मोहीम (६२२–२८) : खजिना रिता होता. ६१५ मध्ये ‘हेक्साग्राम’ हे चांदीचे जड नाणे काढण्यात आले. त्यावर ‘देवा, रोमनांना साहाय्य कर’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. विजयी साम्राज्याच्या नाण्यावर असा लेख नसतो. त्या काळाची अवस्था या एका ओळीतून जितकी कळते तितकी इतिवृत्तांतून कळत नाही. ६२२ मध्ये चर्चची भांडी व दीपदाने वितळवून आणखी नाणी पाडली गेली.

१२ डिसेंबर ६२७ रोजी निनेव्हजवळ इराणी सैन्याचा पराभव झाला. पुढील महिन्यात दस्तगिर्दचा राजवाडा हाती आला. तेथील लुटीची यादी इतिवृत्तकार थिओफेनीसने दिली आहे : रोमनांकडून पूर्वी हिसकावलेली ३०० निशाणे, अगरूचे मोठमोठे ओंडके, रेशीम, मिरे, सुंठ, साखर, अगणित सदरे, शिवाय मोर, रानगाढवे, जिवंत सिंह व वाघ. मात्र राजधानी टेसिफॉन हेराक्लियसने घेतली नाही. नहरवान कालव्यावरील पूल तोडलेले होते. तो झाग्रोस पर्वत ओलांडून गंझाककडे वळला. तेथून पाठवलेले त्याचे पत्र १५ मे ६२८ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, हागिया सोफियात वाचले गेले. ‘पास्कल इतिवृत्ता’त ते अपूर्ण रूपात टिकले आहे. २४ फेब्रुवारी ते ३० मार्च बर्फ थांबले नाही, असे त्यात नमूद आहे; सैन्य वेळेवर खाली उतरले नसते तर डोंगरातच संपले असते. खुसरौच्या पतनाचा जल्लोष पत्रात ओसंडतो, परंतु उपलब्ध मजकुरात नवा मुलूख जोडण्याची भाषा कोठेही नाही. खुसरौनंतर गादीवर आलेल्या कवाद दुसरा याच्याशी झालेला तहही जुन्या सीमांवरच झाला.

आर्मेनियन साधने : या काळासाठी सेबेओसच्या नावावरील इतिहास सर्वांत उपयुक्त, मात्र त्याचे लेखकत्व वादग्रस्त.

जर-तरची जागा : सर्वांत सबळ शक्यता जिंकलेल्या प्रांतांची नसून मांडलिक राजाची आहे. इराणी सेनापती शहरबराझ ६२९ मध्ये हेराक्लियसला अराबिसस येथे भेटला व ६३० मध्ये त्याच्या पाठिंब्याने गादीवर आला. त्याचे कुटुंब ख्रिस्ती झाले होते असे काही अभ्यासक मानतात. पुरावा तुटपुंजा आहे. सुमारे ४० दिवसांत त्याची हत्या झाली. ६३६ मध्ये यारमूकच्या लढाईत अरबांनी साम्राज्याचा पराभव केल्यानंतर हा प्रश्नच उरला नाही.

तैग्रिसपलीकडची सत्ता रोमला त्यापूर्वीही झेपली नव्हती. ट्रेजनने ११६ मध्ये टेसिफॉन घेतले, पुढच्याच वर्षी हेड्रियनने जिंकलेले प्रदेश सोडले. ३६३ मध्ये जूलियन तैग्रिसपलीकडेच मृत्यू पावला आणि जोव्हियनने निसिबिस देऊन टाकले. विस्ताराच्या कोणत्याही कल्पनेने या अनुभवाला उत्तर दिले पाहिजे. ठाणी, रसद आणि पगार यांचा हिशेब न मांडता नकाशा रंगवणे व्यर्थ आहे.

ललित साहित्य : डेव्हिड ड्रेक व एरिक फ्लिंट यांच्या सहा खंडी ‘बेलिसेरियस’ मालेत (१९९८–२००६) रोम व इराण शत्रुत्व सोडून उत्तर भारतातील काल्पनिक ‘मालवा’ सत्तेविरुद्ध एकत्र येतात. रघुनाथ राव हा मराठा वीर व देवगिरी यांना तीत ठळक स्थान आहे. कथेचा काळ सहावे शतक. देवगिरी मात्र यादवांची राजधानी झाली ती बाराव्या शतकात. तरीही मराठी वाचकाने ही माला पाहावी.

हॅरी टर्टलडव्ह हा बायझंटिन इतिहासाचा अभ्यासक. थिओफेनीसच्या इतिवृत्ताचा ६०२ ते ८१३ हा भाग त्याने इंग्रजीत आणला (१९८२). त्याच्या ‘एजंट ऑफ बायझंटियम’मध्ये (१९८७) इस्लामचा उदय झालेला नाही आणि साम्राज्य चौदाव्या शतकातही बलाढ्य आहे. त्या कथांतही इराण जिंकलेला नाही. तो पूर्व सीमेवर प्रतिस्पर्धी म्हणून उभाच आहे.